पाग

एकशे बारा फोटो.
सारसोळ्याची जेट्टी, ओहोटी, सकाळचे सव्वासहा ते सात.
जोमा तांडेलांनी तेरा वेळा पाग फेकला,
मी तेरा वेळा बटण दाबून धरलं.

नौपाड्यातल्या देवस्थळींना चौथीच्या मुलांसाठी
एक आख्खं पान हवं होतं : खाडी आणि माणसं.
मधोमध एकजण, जाळं फेकताना.
"जिवंत पाहिजे हं," म्हणाले,
मासळीबाजारात म्हणतात तसं.

घरी येऊन सत्तेचाळीस नंबर उघडला.
जाळं पुरतं उमललेलं,
शिशाच्या गोळ्या एकेक मोजून घ्याव्यात अशा,
दातांतली कड नुकतीच सुटलेली, तोंड अजून उघडं.
सेकंदाचा हजारावा भाग
माझ्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी,
कितीही वेळ थांबायला तयार.

मी जसंच्या तसं काढलं.
पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरून कोन घेतले,
खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट.
चूक एकही नाही.
आणि कागदावर उभा राहिला
छत्री उलटी झालेला एक पुतळा.

सेहेचाळीस बघितला. त्यात तो सगळा गुंडाळलेला,
पाठ कॅमेऱ्याकडे, एक हात अंगामागे गडप.
असा फोटो कुणी ठेवत नाही.
अठ्ठेचाळीसमध्ये हात रिकामा.
फेकणं कुठल्याच फोटोत नव्हतं.
सेहेचाळीस आणि सत्तेचाळीसच्या मधे कुठेतरी
ते पाण्यात पडलं होतं.

रविवारी चित्र घेऊन गेले.
जोमाकाकांनी हात पुसले, कागद लांब धरला,
चष्मा नव्हता म्हणून अजून लांब.
"यो परंल."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "ये पाय कुनाचं?"

पाय माझे होते.
फोटोत चिखल घोट्याच्या वर,
खालचं काही दिसेना,
म्हणून न्हाणीघराबाहेरच्या फरशीवर उभी राहून
टायमर लावून मी माझेच पाय टिपले होते.
सपाट, सभ्य,
अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे.

"उतर खाली," म्हणाले.
सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली.
चिखल आधी गार, मग कोमट,
मग पायाला पाय राहिला नाही.
हातात पाग दिला, ओला, पाच किलोचा तरी.
पिळलेल्या चादरीसारखा तो माझ्या पुढ्यातच पडला,
जेट्टीवरची पोरं खिदळली,
पण मी पडले नाही.
कारण खाली, मला न विचारता,
दहाही बोटांनी काहीतरी आवळून धरलं होतं.
शिंपला असेल, नाहीतर फुटकी बशी.

त्या रात्री डावी पोटरी ठणकत होती.
फोटो बंद करून मी त्या ठणक्यापासून सुरुवात केली :
टाचेतून एक रेष, पोटरीला वळसा घालून, कमरेत पीळ खाऊन,
मानेपाशी येईतो हात न उचलता.
सात कागद वाया गेले.
आठव्यावर कोपर लपलं, पाठ वाकडी झाली,
आणि जाळं अजून हातातच होतं,
जाण्याच्या बेतात.

मग पुन्हा सत्तेचाळीस उघडला,
साक्षीदाराला बोलावतात तसा,
विचारेन तेवढंच सांग म्हणून.
मनगटावरची गाठ कशी होती?
कान टोपीच्या आत की बाहेर?
तेवढं त्याने चोख सांगितलं.

देवस्थळींचा फोन आला.
"फार छान. पळतंय चित्र.
फक्त एक, पाय दिसत नाहीत हो माणसाचे.
मुलं विचारतील."
आहेत, म्हटलं. खाली आहेत.
त्यांनी कागद पुन्हा पाहिला असावा,
मागे कुठेतरी राम मारुती रोडवरचे हॉर्न ऐकू येत होते.
"मग चिखल जरा कमी करता येईल का?"

जोमाकाकांना विचारून सांगते, म्हणाले.